निसटणाऱ्या अर्ध्याची गोष्ट



माझी आई उतारवयांत सांधेदुखीनें फार गांजली होती. सकाळीं अंथरुणांतून उठतांना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागे, आणि पावसाळा लागला म्हणजे तेवढ्यानेंहि भागत नसे. आमच्या डॉक्टरांनीं तिला ॲस्पिरिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या घेऊन घरीं आलों, आणि तिनें पहिला प्रश्न विचारला तो किंमतीचा. किंमत ऐकतांच तिनें ती पुडी उशाखालीं सारली व म्हणाली, "इतक्या स्वस्त औषधानें कधीं कुणाचें दुखणें गेलें आहे काय? डॉक्टरांनीं तुझी समजूत घातली, एवढेंच." पुढें कित्येक दिवस ती पुडी तशीच उशाखालीं राहिली. मी पडलों शाळामास्तर. रोज पन्नास मुलांच्या शंका निवारण करण्याचा माझा धंदा. परंतु हें औषध गुणकारी असून स्वस्त कां, याचें उत्तर त्या दिवशीं मला देतां आलें नाहीं.

त्या प्रश्नाचा माग काढतां काढतां मीं पुढें जें कांहीं वाचलें, त्यांतील एक प्रकरण आज आपल्यापुढें मांडणार आहें. ॲस्पिरिन कोणीं शोधून काढलें, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. पण ज्या आम्लावर त्याची सारी इमारत उभी आहे, तें आम्ल झाडाच्या सालींतून कारखान्याच्या भट्टींत कसें आलें, आणि तेथें आल्यावरहि त्यांतील अर्धा माल हातून कसा निसटत होता व तो कोणीं अडविला, ही कथा क्वचितच सांगितली जाते. मी कांहीं रसायनशास्त्रज्ञ नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. म्हणून मला जेवढें समजलें तेवढेंच, सोप्या हिशेबांत बसवून सांगतों.

कथेचा आरंभ इंग्लंडांतील चिपिंग नॉर्टन या लहानशा गांवीं होतो. तेथें एडवर्ड स्टोन नांवाचे एक पाद्री राहत असत. त्यांनीं एकदां विलो नांवाच्या झाडाची साल सहज चाखून पाहिली, तों ती विलक्षण कडू लागली. त्या काळीं थंडीतापावर दक्षिण अमेरिकेंतून येणारी सिंकोनाची साल देत असत. तीहि अशीच कडू, परंतु फार महाग. विलोचें झाड ओलसर जागीं वाढतें, आणि थंडीतापहि अशाच जागीं फार. तेव्हां जेथें रोग तेथेंच त्याचा उपाय असला पाहिजे, असा त्यांनीं तर्क केला. त्यांनीं ती साल गोळा करून पाव भाजण्याच्या भट्टीजवळ तीन महिने वाळविली, तिचें चूर्ण केलें आणि सुमारें ५० रोग्यांना दिलें. १७६३ सालीं त्यांनीं आपला अनुभव लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानें कळविला. आज आपणांस ठाऊक आहे कीं, या सालीनें ताप उतरतो. हिंवतापाचें मूळ मात्र जात नाहीं. स्टोन यांचा तर्क चुकीचा होता, पण निरीक्षण खरें होतें. याच विलोच्या गोत्रांतील एक झाड आपल्याकडेहि नदीनाल्यांच्या कांठीं वाढतें. त्याला आपण वाळुंज म्हणतों.

यापुढची मजल गांठावयास साठपांसष्ट वर्षें लागलीं. १८२८ सालीं म्युनिक येथील प्राध्यापक बुखनर यांनीं विलोच्या सालींतून एक कडू पिवळसर द्रव्य वेगळें काढलें, आणि त्याला झाडाच्या लॅटिन नांवावरून 'सॅलिसिन' असें नांव दिलें. दुसऱ्याच वर्षीं फ्रान्समध्यें लेरू नांवाच्या औषधकारांनीं त्याचे शुद्ध स्फटिक मिळविले. १८३८ सालीं राफाएले पिरिया या इटालियन शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, सॅलिसिन म्हणजे साखर व दुसरें एक द्रव्य यांचा जोड आहे. हा जोड उकलून, त्या दुसऱ्या द्रव्यापासून त्यांनीं एक आम्ल तयार केलें. तेंच सॅलिसिलिक आम्ल. विंटरग्रीन नांवाच्या झुडपाच्या तेलांतहि याच आम्लाचा अंश असतो, असें पुढें आढळून आलें. मुरगळलेल्या पायाला चोळावयाच्या मलमाला जो उग्र गोडसर वास येतो, तो या तेलाचाच.

आतां यांतील हिशेब पाहा. लेरू यांना सुमारें तीन पौंड सालीपासून एक औंस सॅलिसिन मिळालें. तीन पौंड म्हणजे ४८ औंस. अर्थात् ४८ भागांतून एक भाग हातीं आला, व ४७ भाग चोथा म्हणून टाकावा लागला. बरें, हा एक भागहि अद्याप आम्ल झालेला नाहीं. त्यांतील साखर वेगळी झाली कीं उरलेलें वजन निम्म्याहूनहि कमी भरतें. शिवाय साल सोलावयाची, वाळवावयाची, कुटावयाची, उकळावयाची आणि गाळावयाची. यांतील प्रत्येक कामाला माणूस पाहिजे, सरपण पाहिजे, वेळ पाहिजे. असें औषध श्रीमंताच्या शय्येपर्यंत पोंचेल. गिरणींत राबणाऱ्या मजुराच्या खोलीपर्यंत तें पोंचणें कठीण.

या ठिकाणीं कथेंत हेरमान कोल्बे यांचा प्रवेश होतो. कोल्बे यांचा जन्म १८१८ सालचा. ज्यांनीं १८२८ सालीं मूत्रांत सांपडणारें युरिया हें द्रव्य प्राण्याच्या देहावांचून प्रयोगशाळेंत तयार करून दाखविलें, त्या व्होलर यांचे हे शिष्य. सजीवांच्या देहांतील द्रव्यें केवळ जीवशक्तीच निर्माण करूं शकते, हा जुना समज गुरूंनीं हादरविला होता. शिष्यानें १८४५ सालीं सिरक्यांतील आम्ल निर्जीव द्रव्यांपासून घडवून त्यावर आणखी एक घाव घातला. १८६० च्या सुमारास जर्मनींतील मारबुर्ग येथें कोल्बे व त्यांचे सहकारी लाउटेमान यांनीं सॅलिसिलिक आम्लाकडे लक्ष वळविलें. त्यांनीं फिनॉल घेतलें. फिनॉल म्हणजे आपण ज्याला कार्बोलिक ॲसिड म्हणतों तें. दगडी कोळशापासून दिव्यांसाठीं गॅस काढतांना जें डांबर मागें उरे, त्यांत हें द्रव्य असतें. त्या फिनॉलमध्यें सोडियम धातु विरघळवीत असतां त्यांनीं त्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड वायु सोडला. सोडावॉटरची बाटली फोडतांना फसफसून बाहेर पडतो तोच हा वायु. या संयोगांतून सॅलिसिलिक आम्ल तयार झालें. ना झाड, ना साल. काळें डांबर आणि हवेंतला वायु यांतून तेंच आम्ल निघालें!

शाळेच्या पुस्तकांत बहुधा गोष्ट येथें संपते. परंतु वास्तविक पाहतां त्यानंतर सुमारें चौदा वर्षें या शोधाचा रोग्यांना कांहींच उपयोग झाला नाहीं. याला कारणें दोन. सोडियम धातु त्या काळीं महाग होता. तो वापरून केलेलें आम्ल कितीहि शुद्ध असलें तरी स्वस्त कसें व्हावें? आणि दुसरें असें कीं, तें आम्ल मागतो कोण? वैद्यकांत त्याला अद्याप स्थान मिळालें नव्हतें. एखादी वस्तु एकदां करून दाखविणें निराळें, आणि ती हवी तितकी करून पुरविणें निराळें.

मागणीचा मार्ग अनपेक्षित बाजूनें उघडला. १८६७ सालीं इंग्रज शस्त्रवैद्य लिस्टर यांनीं कार्बोलिक ॲसिडानें जखमा धुतल्यास त्या चिघळत नाहींत, हें प्रसिद्ध केलें. पण कार्बोलिकचा वास उग्र, आणि कातडीला तें भाजतें. कोल्बे यांना ठाऊक होतें कीं, सॅलिसिलिक आम्ल तापविलें म्हणजे त्याचें पुन्हां कार्बोलिक ॲसिड व वायु असें विघटन होतें. मग हें बिनवासाचें आम्लच जंतुनाशक म्हणून कां वापरूं नये? या विचारानें, आतां लाइप्झिग येथें प्राध्यापक असलेले कोल्बे आपल्या जुन्या प्रयोगाकडे परत वळले. १८७४ सालीं त्यांनीं सुधारलेली कृति प्रसिद्ध केली. महाग सोडियम धातूच्या जागीं त्यांनीं कॉस्टिक सोडा घेतला. साबणवाल्यांच्या नित्य वापरांतला हा स्वस्त पदार्थ. फिनॉल व कॉस्टिक सोडा यांचें मिश्रण आटवून अगदीं कोरडी भुकटी करावयाची. तिच्यांत पाण्याचा अंश राहिला तर सारें काम बिघडतें. ती सुमारें १८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून तिच्यावरून वायूचा प्रवाह सोडीत राहावयाचा, व उष्णता हळूहळू २०० अंशांच्या वर न्यावयाची. कॉस्टिक सोड्याच्या जागीं त्याचाच भाऊबंद जो पोटॅशचा क्षार तो घेतला, तर अशा उष्णतेंत तेवढेच अणु असलेलें पण निराळ्या मांडणीचें दुसरेंच आम्ल मिळतें, हेंहि कोल्बे यांच्या प्रयोगशाळेंत दिसून आलें. अशा बारकाव्यांवर कारखाने चालतात आणि बुडतातहि.

त्याच वर्षीं फ्रीडरिख फॉन हेडेन यांनीं ड्रेस्डेन शहरीं या कृतीनें आम्ल तयार करावयास आरंभ केला, आणि त्यांचा कारखाना लवकरच शेजारच्या राडेबॉइल या गांवीं उभा राहिला. वनस्पतींत सांपडणारें औषधी द्रव्य वनस्पतीवांचून, कारखान्यांत, मोठ्या प्रमाणावर तयार होऊन बाजारांत येण्याच्या अगदीं आरंभींच्या उदाहरणांपैकीं हें एक होय. सालीपासून काढलेल्या आम्लाच्या मानानें या आम्लाची किंमत सुमारें एक दशांशावर आली.

आणि मग दोन वर्षांतच या आम्लाला त्याचें खरें काम सांपडलें. संधिवाताचा ताप हा त्या काळचा एक भयंकर रोग होता. त्यांत एकामागून एक सांधे सुजत, अंगावरचें पांघरूणहि सहन होत नसे, आणि रोगी आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राही. १८७६ सालीं स्कॉटलंडांतील डंडी येथील डॉक्टर मॅक्लेगन यांनीं विलोच्या सॅलिसिनचा या रोगावरील गुण 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केला. औषध रोग्याला देण्यापूर्वीं त्यांनीं तें स्वतः घेऊन पाहिलें होतें. त्याच वर्षीं बर्लिन येथें श्ट्रिकर यांनीं कृत्रिम सॅलिसिलिक आम्लाचा तोच गुण जाहीर केला. ताप उतरे, सूज ओसरे, आणि कण्हत पडलेला माणूस थोड्याच दिवसांत हात हालवूं लागे. पोटांत जळजळ, कानांत गुणगुण असे त्रासहि होत; पण त्या वेदनांपुढें रोगी तें सोशीत. कोल्बे यांनीं जखमांसाठीं केलेलें आम्ल सांध्यांच्या कामीं आलें. आतां मागणी वाढली. आणि मागणी वाढतांच कृतींतील उणीव डोळ्यांत भरूं लागली.

ती उणीव कोणती? कोल्बे यांच्या कृतींत भांड्यांत घातलेल्या फिनॉलपैकीं फार तर अर्ध्याचें आम्ल होई. उरलेलें अर्धें फिनॉल जसेंच्या तसें वाफेच्या रूपानें बाहेर पडे. हें कां होई, तें पाहूं. भुकटींतील एका कणाशीं वायूचा संयोग होऊन सॅलिसिलिक आम्लाचें लवण बने. परंतु एवढ्या उष्णतेंत हें नवें लवण आपल्या शेजारच्या कणाजवळचा सोडियम ओढून घेई. सोडियम गमावलेला तो शेजारी पुन्हां साधें फिनॉल होई, आणि वायूच्या प्रवाहाबरोबर भांडें सोडून जाई. दोघां भावांनीं शेत कसावयास घ्यावें, पण एकानें दुसऱ्याचे बैल आपल्या गोठ्यांत नेऊन बांधावे, आणि मग दुसऱ्यानें गांव सोडून जावें, तसा हा प्रकार.

याचा हिशेब मांडला तर असा येतो. फिनॉलचा रेणुभार ९४ व सॅलिसिलिक आम्लाचा १३८. म्हणजे १०० पौंड फिनॉलपासून सुमारें १४७ पौंड आम्ल मिळावयास हवें. कोल्बे यांच्या कृतीनें ७३ पौंडांच्या पलीकडे, कितीहि हुशार कामगार असला तरी, जातां येत नसे. बाहेर पडलेलें फिनॉल थंड करून पुन्हां वापरतां येई, हें खरें. पण त्याला पुन्हां कॉस्टिक सोडा हवा, पुन्हां आटवणी हवी, पुन्हां कोळसा हवा. एका कामासाठीं भट्टी दोनदां पेटवावयाची, आणि त्याचा भुर्दंड शेवटीं रोग्याच्या माथीं बसावयाचा.

हा अर्धा भाग अडविण्याचें श्रेय रुडॉल्फ श्मिट यांचें. यांचा जन्म १८३० सालचा. मारबुर्ग येथें ते कोल्बे यांच्याच हाताखालीं शिकले, व पुढें १८७० पासून ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यालयांत रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. राडेबॉइलचा कारखाना तेथून हाकेच्या अंतरावर. १८८४ सालीं श्मिट यांच्या कृतीचें पेटंट झालें, आणि १८८५ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १८८४ च्याच नोव्हेंबरांत कोल्बे निवर्तले. गुरूंनीं अर्ध्यावर आणून ठेवलेलें काम शिष्यानें पुरें केलें, असें येथें अक्षरशः म्हणतां येतें.

श्मिट यांनीं केलें तें वरवर पाहतां अगदीं साधें. वायु वाहता न ठेवतां त्यांनीं तो कोंडला. फिनॉल व सोडा यांची तीच कोरडी भुकटी त्यांनीं जाड, मजबूत, झांकण घट्ट आवळलेल्या भांड्यांत घातली. भुकटी थंड असतांनाच दाबाखालीं आंत वायु भरला, आणि सगळ्या भुकटीनें तो शोषून घेईपर्यंत धीर धरला. त्यानंतर भांडें तापविलें, तेंहि केवळ १२० ते १४० अंशांपर्यंत. आपल्या घरांतील प्रेशर कुकर डोळ्यांपुढें आणा, म्हणजे कल्पना येईल. मात्र येथें आंत कोंडलेली वाफ नसून वायु आहे. आतां काय झालें? उष्णता लागण्यापूर्वींच प्रत्येक कणाला त्याच्या वांट्याचा वायु मिळून गेला होता. सोडियम गमावून बसेल असा रिकामा शेजारी भांड्यांत उरलाच नाहीं. उष्णताहि बेताची असल्यामुळें प्रत्येक कण जागच्या जागीं आम्लाचें लवण होऊन बसला. जवळजवळ सगळ्या फिनॉलचें आम्ल झालें. तेंच फिनॉल, तोच सोडा, तोच वायु. बदलला तो कामाचा क्रम, उष्णतेचा बेत आणि भांड्याचें झांकण. तेवढ्यानें अर्ध्याचें पूर्ण झालें.

मला या गोष्टींत सर्वांत विचार करण्याजोगें वाटतें तें हें. श्मिट यांनीं नवें औषध शोधलें नाहीं, नवें मूलद्रव्य शोधलें नाहीं. दुसऱ्यानें शोधलेल्या वाटेवर सांडणारें धान्य त्यांनीं अडविलें. रसायनशास्त्राचे ग्रंथ याबाबतींत न्यायी आहेत. ते या क्रियेला 'कोल्बे–श्मिट क्रिया' असें जोडनांव देतात. परंतु ग्रंथांबाहेर श्मिट यांचें नांव ऐकूं येत नाहीं. आपण इतिहासाला नेहमीं एकच प्रश्न विचारतों, 'हें प्रथम कोणीं केलें?' 'हें सर्वांना पुरेल इतकें कोणीं केलें?' हा प्रश्न विचारावयाचें आपणांस सुचत नाहीं.

यानंतरचा भाग आपल्या परिचयाचा आहे. १८९७ सालीं बायर कंपनींतील फेलिक्स हॉफमान यांनीं सॅलिसिलिक आम्लाला सिरक्याच्या आम्लाची जोड देऊन त्याचें शुद्ध, पोटाला कमी जाचणारें रूप तयार केलें. अशुद्ध रूपांत तें द्रव्य फ्रान्समध्यें गेरहार्ट यांनीं १८५३ सालींच मिळविलें होतें. १८९९ सालीं तें 'ॲस्पिरिन' या नांवानें विक्रीस आलें. या शोधाचें श्रेय हॉफमान यांचें कीं त्याच कंपनींतील आयखेनग्र्यून यांचें, असा वादहि पुढें झाला. आयखेनग्र्यून यांनीं आपला हक्क १९४९ सालीं छापून मांडला. या श्रेयाच्या वादांत मात्र एक गोष्ट झांकली जाते. ॲस्पिरिन करावयाचें तर आधीं सॅलिसिलिक आम्ल हवें; आणि तें टनावारी व स्वस्त मिळूं लागलें होतें म्हणूनच ॲस्पिरिनची गोळी जगभर जाऊं शकली. कळसावर कोणाचें नांव कोरावयाचें याचा तंटा चालू असतां पायाचा चिरा कोणीं बसविला, हें विचारावयास कोणी थांबलें नाहीं.

कोणी म्हणेल, विज्ञान पुढें जातें तेव्हां अशा सुधारणा ओघानें होतातच. त्यांचें एवढें कौतुक कशाला? त्यांनीं क्विनीनचें उदाहरण पाहावें. सिंकोनाच्या सालींतून क्विनीन १८२० सालीं वेगळें काढण्यांत आलें. आपल्या देशांतहि नीलगिरि व दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाचे सरकारी मळे लावले गेले. १९४४ सालीं अमेरिकेंत वुडवर्ड व डोअरिंग यांनीं क्विनीनच्या कृत्रिम घडणीचा मार्ग दाखविला, आणि ती वार्ता फार गाजली. पण त्या मार्गाला पायऱ्या इतक्या, आणि प्रत्येक पायरीवर गळती इतकी, कीं त्या रीतीनें क्विनीनचा कारखाना कधींच उभा राहिला नाहीं. औषधाचें क्विनीन आजहि झाडाच्या सालींतूनच काढतात. शंभरांतील दहा भाग दर पायरीला गळाले, तरी दहा पायऱ्यांनंतर हातीं सुमारें पस्तीसच उरतात. हें गणित माझ्या शाळेंतील मुलेंहि करूं शकत. प्रत्येक औषधाला त्याचा श्मिट भेटतोच असें नाहीं.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. झाडाची गरज सुटली म्हणजे माणूस सर्वस्वीं मोकळा झाला, असें होत नाहीं. तो डांबराच्या आधीन होतो. पहिल्या महायुद्धांत याचा प्रत्यय आला. फिनॉलपासून पिक्रिक ॲसिड नांवाचें स्फोटक द्रव्यहि तयार होतें. त्यामुळें इंग्लंडनें आपलें फिनॉल तोफगोळ्यांसाठीं राखून ठेवलें, आणि अमेरिकेंत त्याचा दुष्काळ पडला. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं फिनॉल लागत असल्यामुळें सुप्रसिद्ध संशोधक एडिसन यांनीं तेथें स्वतःचाच फिनॉलचा कारखाना काढला. त्यांतील शिल्लक माल जर्मनांनीं मध्यस्थामार्फत विकत घेऊन हेडेन यांच्या अमेरिकन शाखेकडे सॅलिसिलिक आम्ल करण्यासाठीं वळविला. १९१५ सालीं वर्तमानपत्रांनीं हें प्रकरण चव्हाट्यावर आणलें. ज्या द्रव्यानें सांध्यांच्या वेदना शमवावयाच्या, त्याच द्रव्यानें तोफगोळे भरावयाचे, हा निर्णय भट्टी करीत नाहीं. तो माणसें करतात.

ॲस्पिरिन शरीरांत नेमकें काय करतें, याचा उलगडा १९७१ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनीं केला. सूज व वेदना उत्पन्न करणाऱ्या कांहीं द्रव्यांची शरीरांतील निर्मिति तें रोखतें. या कार्याबद्दल १९८२ सालीं दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तें रक्त गोठण्यासहि अडथळा करतें; म्हणून हृदयविकाराच्या पुष्कळ रोग्यांना तें अल्प प्रमाणांत देतात, आणि याच कारणास्तव डेंग्यूच्या तापांत तें घेऊं नये. लहान मुलांच्या तापांतहि तें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून देऊं नये. स्वस्त आहे म्हणून तें निरुपद्रवी आहे, असें समजणें ही माझ्या आईच्या समजाची उलट बाजू होय, आणि तितकीच घातक. सॅलिसिलिक आम्ल मात्र जगांत आजहि मुख्यतः त्याच रीतीनें होतें: कोरडी भुकटी, कोंडलेला वायु आणि बेताची उष्णता. यंत्रें बदललीं, मापें बदललीं. मूळ युक्ति तीच राहिली.

आतां उशाखालच्या पुडीकडे परत येतों. आईनें त्या गोळ्या अखेर घेतल्या. कोणाच्या युक्तिवादानें नव्हे, तर एका रात्रीं दुखणें असह्य झालें म्हणून. दुसऱ्या दिवशीं ती भिंतीला न धरतां उठली. तिच्या प्रश्नाचें उत्तर मला सांपडलें तेव्हां तें ऐकावयास ती उरली नव्हती. असती, तर मीं तिला सांगितलें असतें: "आई, हें औषध हलकें आहे म्हणून स्वस्त नाहीं. एका माणसानें तें झाडावांचून करण्याची वाट काढली, आणि त्याच्या शिष्यानें त्या वाटेवर सांडणारा अर्धा माल जपून ठेवला, म्हणून तें स्वस्त आहे." आणि मला वाटतें, हें तिला पटलें असतें. कारण दूध उतूं जाऊं नये म्हणून चुलीपासून न हालणारी, आणि तव्यावरचें शेवटचें पीठहि वायां जाऊं न देणारी ती बाई होती. श्मिट यांच्या कारभारांत तिला कांहींच नवल वाटलें नसतें. इतका जपून संसार करणाऱ्या माणसाचें नांव लोकांना ठाऊक कसें नाहीं, एवढेंच तिनें विचारलें असतें.